ऑफिसचा कॉम्प्युटर हँग का होत होता?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेत सहावा विषय आहे, "नवीन संगणक खरेदी करणे". हा विषय मीच घ्यायला लावला होता आणि आज मीच तो मागे घ्या म्हणून सांगायला उभी आहे. का, ते सांगते. थोडं लांबेल, पण शेवटी माझी तुमच्याकडे एक विनंती आहे, म्हणून ऐकून घ्या.

मार्चपासून आपल्या ऑफिसचा कॉम्प्युटर मध्येच अडकायला लागला. काम चालू असताना पडदा जसाच्या तसा थांबायचा. माऊस हलवा, कळा दाबा, काही नाही. बटण दाबून बंद करायचा, परत चालू करायचा, आणि तोपर्यंत भरलेल्या नोंदी गेलेल्या. एका गटाची बँक कर्जाची फाईल दोनदा भरली आणि दोनदा उडाली. तिसऱ्यांदा भरून बँकेत पोचली तेव्हा तीन आठवडे उशीर झाला होता. त्या गटातल्या तायांना बी-बियाणं उधारीवर उचलावं लागलं. उधारीचा भाव काय असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग मे महिन्याच्या सभेत काय झालं, ते सगळ्यांना आठवतंय. "लेखापाल ताईच काहीतरी भलतंच दाबते." "तिला जमत नसेल तर दुसरी बघा." कुणी म्हणलं, "तिचं मानधन थांबवा." ती बिचारी कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. आणि मी? मी एमएसडब्ल्यू शिकलेली, तुमच्याहून चार बुकं जास्त वाचलेली. मी गप्प बसले. इतिवृत्तात माझ्याच अक्षरात वाक्य आहे, "लेखापालांच्या निष्काळजीपणामुळे नोंदी गहाळ झाल्या."

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले. एका दुकानात विचारलं. त्याने कॉम्प्युटर न बघताच सांगितलं, "विंडोज जुनं झालंय, नवीन घ्या," आणि बेचाळीस हजारांचं कोटेशन हातात दिलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं आहे. पण त्याचा अर्थ सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद झाले, म्हणून पुढेमागे त्याचा विचार करावा लागेल. त्या तारखेपासून मशीन अडकायला लागतं, असं काही नसतं. ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मी कोटेशन घेऊन परत आले.

गावातला दुरुस्तीवाला भाऊ मात्र वेगळं बोलला. म्हणाला, "मॅडम, केव्हा अडकतो?" मी म्हणलं, "केव्हापण." तो म्हणाला, "केव्हापण काही नसतं. लिहून ठेवलं नाही म्हणून केव्हापण वाटतं. पंधरा दिवस वही ठेवा. पण आधी सगळा डेटा बाहेर काढा."

ताईंनो, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. दुरुस्तीच्या आधी नक्कल. आपण सगळ्या गटांच्या नोंदी दोन पेनड्राईव्हवर घेतल्या. एक ऑफिसच्या कपाटात, एक अध्यक्ष ताईंच्या घरी. दोन्ही कुलपात, कारण त्यात आपल्या सगळ्यांचे आधार नंबर आणि खाते नंबर आहेत.

मग वही. ती लेखापाल ताईने ठेवली. पाच रकाने: तारीख आणि वेळ, कॉम्प्युटर किती वेळ चालू होता, कोणतं काम चाललं होतं, कॅप्स लॉकचा दिवा, आणि इतर काही.

कॅप्स लॉकचा दिवा कशाला? ही युक्ती तुमच्यापण कामाची आहे. कॉम्प्युटर अडकला की कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबायची. दिवा लागतो-विझतो तर मशीन जिवंत आहे, कशात तरी गुंतलंय, दोन-तीन मिनिटं वाट बघा. दिवा जागचा हललाच नाही तर ते पार थिजलंय. मग नाइलाजाने पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरायचं. भिंतीवरची पिन ओढायची नाही.

पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. आम्ही दोघी वही घेऊन बसलो, तर काय दिसलं बघा. सात नोंदी दुपारी एक ते चारच्या मधल्या. सातही वेळा कॉम्प्युटर दीड तासापेक्षा जास्त चालू होता, आणि दिवा हलत नव्हता. उरलेल्या चार सकाळच्या, चालू केल्यावर लगेचच्या. त्या वेळी दिवा हलत होता, माऊसपण फिरत होता, पण फाईल उघडत नव्हती. डब्याच्या पुढचा बारका दिवा सारखा पेटलेला. आणि ताईने "इतर" मध्ये लिहिलं होतं, "आतून टिकटिक आवाज."

म्हणजे दुखणी दोन होती. आपण दोन्हीला एकच समजत होतो म्हणून काही उमगत नव्हतं.

शेजारच्या गिरणीचा संशय कुणीतरी घेतला होता. गिरणी चालू झाली की आपला बल्ब मिणमिणतो, हे खरं. म्हणून ताईने आठ दिवस गिरणीची वेळपण लिहिली. अडकण्याच्या वेळेशी ती जुळली नाही. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत चालू होत असता, तर विजेकडे, यूपीएसच्या बॅटरीकडे आधी बघावं लागलं असतं. आपला तसा होत नव्हता.

आता पहिलं दुखणं. पत्र्याची खोली, मे महिन्याचं ऊन, डबा टेबलाखाली भिंतीला चिकटून. आणि वर आपणच हौसेने शिवलेलं कव्हर! धूळ बसू नये म्हणून आपण ते काम करतानाही अर्धंच वर सारत होतो. हवा जायची भोकंच झाकलेली. डबा उघडला तर आतल्या पंख्याला धुळीची गोधडी. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते तापलं की आधी मंदावतं, मग अडकतं नाहीतर बंदच पडतं. भावाने पिन काढून, पंखा बोटाने धरून धूळ उडवली. पंखा गरगर फिरू द्यायचा नसतो, त्याने तो खराब होऊ शकतो. डोक्यावरची उष्णता ओढणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती नवीन लावली. डबा भिंतीपासून वीतभर पुढे घेतला. कव्हर आता फक्त रात्री, मशीन थंड झाल्यावर.

त्याच दिवशी मी म्हणलं, "आता ते टिकटिकचंपण करून टाका." तो म्हणाला, "नाही. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळणार नाही." आठ दिवस थांबलो. दुपारच्या नोंदी बंद झाल्या. सकाळच्या चालूच राहिल्या.

मग त्याने रॅम तपासली. पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरने पुसल्या, परत घट्ट बसवली, आणि विंडोजमधलीच मेमरी तपासणी लावून दिली. दोष निघाला नाही. म्हणजे रॅम सुटली.

उरली हार्ड डिस्क. जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती फिरती तबकडी असते. समजा तुमच्या खतावणीच्या एका पानाला वाळवी लागलीय. वाचणारी बाई त्याच ओळीवर परत परत बोट फिरवते, अक्षर लागत नाही, आणि बाकी सगळ्या तिच्यासाठी ताटकळतात. डिस्कचं तसंच झालं होतं. तपासणीत खराब जागा निघाल्या. अशी डिस्क एखाद्या दिवशी पूर्ण बसू शकते. आपण आधी नक्कल घेतली नसती, तर तीन वर्षांच्या नोंदी जाऊ शकल्या असत्या. आता फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली. पेस्ट, साफसफाई, डिस्क, मजुरी, सगळं मिळून ४,२०० रुपये. पावती खजिनदार ताईंकडे आहे. पाच आठवडे झाले, वहीत एकही नवीन नोंद नाही.

ज्या गटांकडे, शाळेतल्या पोरांकडे जुने कॉम्प्युटर आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी नक्कल घ्या. मग वही ठेवा. मग पिन काढून धूळ आणि पंखा बघा. एका वेळी एकच बदल करा. आणि आतला जो बंद डबा असतो, ज्याला बाहेरून विजेची वायर जाते, त्याला एसएमपीएस म्हणतात. तो कुणीही खोलू नका. पिन काढल्यावरही त्यात काही काळ करंट राहतो.

आता माझी विनंती.

कॉम्प्युटर उन्हाने आणि वयाने थकला होता. दोष आपण माणसाला दिला, कारण मशीनला बोलता येत नाही आणि लेखापाल ताई उलट बोलत नाही. ज्या बाईला आपण निष्काळजी म्हणलं, तिने पंधरा दिवस मिनिटागणिक वही लिहिली. टिकटिक आवाज तिच्याच कानाने पकडला. रोज तिच्या शेजारी बसून मला तो कधी ऐकू आला नव्हता.

मे महिन्याचं इतिवृत्त खोडायचं नाही, तसा आपला नियमच आहे. पण आज नवा ठराव घेता येतो. सूचक म्हणून माझं नाव लिहा. ठराव असा: "नोंदी गहाळ होण्यास लेखापाल जबाबदार नव्हत्या. मागील सभेतील शेरा चुकीचा होता, तो मागे घेण्यात येत आहे." आणि ताई, सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं.

अनुमोदन कोण देतंय?

(या ठरावाला उपस्थित सर्व गटांच्या प्रतिनिधींनी हात वर करून अनुमोदन दिले. संगणक खरेदीचा विषय मागे घेण्यात आला. – संपादक मंडळ)