झोप येत नाही, हे डॉक्टरांना सांगणार कोण?

(पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे. तरी निद्रानाशावर बोलण्याचे धाडस करीत आहे, ते घरच्या अनुभवावरून.

माझ्या वडिलांनी गिरणीत अनेक वर्षे रातपाळी केली. नोकरी सुटली, पण झोप परतली नाही. फजरच्या अजानपर्यंत ते अंगणात येरझारा घालीत. रक्तदाब तपासण्यासाठी मी त्यांना दरमहा दवाखान्यात नेत असे. गुडघे, पोट, चष्मा, सारे विषय निघत. झोपेचा तेवढा निघत नसे. डॉक्टरांनी विचारले नाही, अब्बांनी सांगितले नाही, आणि शेजारी बसलेला मी, बी.ए. बी.एड., तोही गप्प!

असे का व्हावे? एक तर आपण याला आजारच मानीत नाही. "वय झाले", "घरची चिंता आहे", म्हणून सोडून देतो. आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले आणि दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट निद्रानाश म्हणते.

दुसरी धास्ती गोळीची. सवय लागेल ही भीती निराधार नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांच्या विक्रीवर २०१४ पासून अधिक कडक नियम आहेत. गंमत अशी की, डॉक्टरांची गोळी नको म्हणणारेच शेजाऱ्याच्या डब्यातली अर्धी गोळी मागून घेतात. वास्तविक डॉक्टर आधी गोळीच देतील असे नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून झोपेच्या सवयी व विचार बदलणारी समुपदेशनाची पद्धतच सुचविली आहे.

तिसरे कारण आपल्या नागपुरात जरा खोल रुजले आहे. येथील मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. त्याच्या जवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. झोपेची तक्रार केली तर तिकडे धाडतील, मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल, हा धसका. हा धसका मी सुशिक्षितांतही पाहिला आहे. ज्यांचे पाऊल दवाखान्याकडे वळत नाही, त्यांच्यासाठी २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या, विनामूल्य बोलता येते.

शेवटी मीच एका चिठ्ठीवर आठवडाभराच्या नोंदी केल्या: किती वाजता अंथरुणावर पडले, किती वेळा उठले, दिवसा कितीदा डुलकी लागली. ती डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "हे घोरतात का? मधेच श्वास अडकतो का?" झोपेत श्वास अडकणे आणि वाढता रक्तदाब यांचा संबंध असू शकतो, हे मला तेव्हा कळले. पण उत्तर ना अब्बांपाशी, ना माझ्यापाशी.

पुढच्या खेपेस अम्मीला सोबत नेले. तिने अब्बांचे घोरणे, दचकून उठणे, सारे सांगितले. डॉक्टर लिहीत असता ती हळूच म्हणाली, "मलाही दोन वर्षांपासून झोप नाही, डॉक्टरसाहेब. पण माझा नंबर लावला नव्हता, म्हणून बोलले नाही."