बाबांचे इंजिन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन महिने मी एक इंजिन मळवीत बसले होते, असे सांगितले तर तुम्ही हसाल. शेजारच्या वहिनींनी तर विचारलेच, "जन्मभर भांडी घासलीत, आता नवी वस्तू काळी करता?"

माझे बाबा नागभीडला छोट्या लाईनीवर फायरमन होते. बंगाल-नागपूर रेल्वेची ही अडीच फुटी लाईन. नागभीडहून एक फाटा नागपूरला, एक गोंदियाला, एक चांदा फोर्टला. गडचिरोलीकडच्या माणसाने गाडी गाठायची ती वडशाला. १९९० नंतर गोंदिया-चांदा मार्ग रुंद झाला. २०१९ साली नागपूरची छोटी गाडीही थांबली. बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. सकाळचे दुपारी आठवत नाही, दिवस दिवस बोलत नाहीत.

भाच्याने परदेशातून विजेवर धावणारे वीतभर इंजिन आणले. आपल्या गाडीचे नव्हे, पण ठेवण तशीच. बाबांनी ते उलटसुलट पाहिले व म्हणाले, "हे तं कधी चाललंच नाही." महिन्याभरात तेवढेच एक वाक्य!

मग मी पदर खोचला. प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवले. चाकांच्या कडांना चिकटपट्टी लावली, कारण रुळातली वीज चाकांतूनच वर येते; तिथे रंग बसला की इंजिन ठप्प. मग काळ्या रंगाचे पातळ हात. त्यावर काळा-तपकिरी रंग आमटीच्या निवळीइतका पातळ करून फासला आणि लगेच फडक्याने वरून खाली पुसला. आडवे पुसू नये. पावसाचे ओघळ उभेच असतात. खाचांत रंग राहतो, उंचवटे उजळ दिसतात. धुराड्याभोवती कोळशाची वस्त्रगाळ पूड, चाकांपाशी मातकट धूळ. वाफ गळते तिथे पांढरे ओघळ. जड पाण्याने आपल्या चहाच्या पातेल्याला बसतो तोच थर. हे सर्व आपल्या स्वयंपाकघरातलेच ज्ञान आहे, हे मला फार उशिरा कळले.

इथवर ठीक होते. पण हौस वाढली. गेरू कालवून मी सगळ्या बॉयलरवर गंज चढवला. मला वाटले, काय हुबेहूब!

बाबांनी पाहिले मात्र, इंजिन दूर सारले. "एवढा जंग? आमी काय पुसत नव्हतो का?" त्या रात्री ते जेवले नाहीत.

मी फार रडले. कामाचा मळ वेगळा आणि हेळसांडीचा वेगळा; घर सांभाळणाऱ्या बाईला हा फरक कळू नये? नागपूरला मोतीबागेच्या संग्रहालयात जाऊन जुने इंजिन पाहून आले. पण तिथे ते रंगवून राखलेले, त्यावर कामाचा मळ कुठला असणार! शेवटी ओल्या फडक्याने गेरू उतरवला, फक्त ब्रेकच्या ठोकळ्यांवर थोडा ठेवला, आणि या खेपेस इंजिन व ब्रश घेऊन बाबांच्या खाटेवरच बसले.

"पानी भरताना इथं सांडे," ते म्हणाले. मी तिथे डाग दिला. बोट पुढे सरके, मी रंगवीत जाई. तेलाची चकाकी दांड्यांवर, कोळशाचा चुरा मागच्या टाकीवर. तासभर चालले.

मग त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि नंबराची पितळी पट्टी घासू लागले. तिच्यावरचा माझा रंग अजून ओला होता. मी घासू दिली.