चंची आणि बिस्किटांचा डबा

आज बोलणार आहे ते शिलाई मशीनबद्दल नव्हे, मशीनबरोबर येणाऱ्या बारक्या सामानाबद्दल. चेन लावायचा पाय, काठ दुमडणारा हेमर, चुण्या पाडणारा रफलर, भरतकामाचा स्प्रिंगवाला पाय, बॉबीन, बॉबीन केस, सुया. मशीनवर आपण कौतुकाने कशिद्याचं आच्छादन घालतो आणि हे सगळं सामान जातं बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात.

मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि वारा येतो तो समुद्रावरून, मीठ घेऊन. सासूबाईंचा असाच एक डबा होता. सामान हरवू नये म्हणून त्या तो जूनमध्ये घट्ट लावत, वर चिकटपट्टी मारत. गणपती झाले की डबा उघडायचा. एका वर्षी उघडला तर हेमरच्या आत तांबडी भुकटी. हरवलं काहीच नव्हतं, गंजलं मात्र निम्मं होतं.

सासूबाईंचं म्हणणं, पाणी आत गेलंच कुठून? ते बाहेरून गेलंच नव्हतं. आषाढात डबा लावताना ओली हवाही आत कोंडली जाते. रात्री पत्रा गार पडला की हवेतली वाफ थंड होऊन धातूवर बसते. त्यात खाली स्पंज अंथरलेला असेल तर बघायलाच नको, तो ओल धरूनच ठेवतो. शिवाय आपल्या बोटांचा घाम. घामातलं मीठ पायावर राहिलं की आठवडाभरात तिथे बोटाच्या आकाराचा डाग उठतो. म्हणून डबा लावायचाच असेल तर तो कोरड्या, उन्हाच्या दिवशी लावावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी. निळे दाणे ओल घेऊन गुलाबी झाले की पुडी बदला. ते दाणे स्वयंपाकाच्या कढईत भाजून पुन्हा वापरायचा उद्योग कुणी करू नये, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

हेमरचं दुखणं जरा वेगळं. त्याच्या पुढे गोगलगाईसारखी वळलेली जीभ असते, तिच्यातून कापड गुंडाळत जातं. आत गंज चढला की शिफॉनचे धागे ओढले जातात, आणि पॉलिश पेपर तिथे शिरत नाही. अशा वेळी सुती दोऱ्याला पितळ उजळायची पेस्ट लावायची, तो दोरा त्या वळणातून ओवायचा आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तसा पुढे-मागे ओढायचा. पाच मिनिटांत वाट मोकळी होते.

तेल लावायचं, पण मशीनचं. खोबरेल नको. आमच्या कोकणात हात आधी खोबरेलाकडेच जातो, म्हणून मुद्दाम सांगते. ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं. मशीनच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घ्या आणि त्या फडक्याने पाय पुसा. एवढंच. मी एकदा हौसेने रफलरला न्हाऊ घातलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तोच एका बाईंच्या मोतिया रंगाच्या ब्लाउजपीसवर चालवला. ते कापड मला भरून द्यावं लागलं. तेव्हापासून कुठलाही पाय लावला की आधी चिंधीवर हातभर शिवण घालते.

सामान ठेवायचं कसं, यावर सिंगर कंपनीने फार पूर्वी डोकं चालवलं होतं. 1889 च्या पेटंटची त्यांची एक लाकडी पेटी होती. मिटली की लांबट पेटी, उलगडली की चारी बाजू पाटासारख्या सपाट, आणि प्रत्येक वस्तूला आपली जागा. आता ती जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडेच दिसते. पण तिच्यातली युक्ती आपल्या घरात होतीच की! आजोबांची पानाची चंची आठवा. पानाला एक कप्पा, सुपारीला एक, चुन्याच्या डबीला एक, आणि वरून नाडीचा वेढा.

मी पायांसाठी तशीच चंची शिवली आहे. बारा इंच लांब फ्लॅनेलचा तुकडा, खालची कड तीन इंच वर दुमडायची आणि दर दीड इंचावर उभी शिवण. आठ कप्पे होतात. कापड आधी धुऊन खळ काढून टाका, खळ ओल धरते. कप्प्यावर पायाचं नाव लिहा, आणि दांडी लहान की उंच तेही. पाय खाली सोडून मशीनच्या पत्र्यापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजा. पाऊण इंच भरलं तर लहान दांडी, सव्वा इंचाच्या आसपास भरलं तर उंच. घरगुती काळ्या मशीनला लहान लागते, कारखान्याच्या मशीनला उंच. घरात दोन्ही असतील तर पाय अदलाबदल होतात आणि मग सुई पायावर आपटते.

बॉबीनसाठी मिसळणाचा जुना डबा उत्तम. मात्र दोऱ्यांची टोकं एकमेकांत गुंततात. पाऊण इंची पारदर्शक नळीचा बॉबीनच्या उंचीएवढा तुकडा कापा, एका बाजूने चिरा आणि बॉबीनवर बांगडीसारखा चढवा. टोक जागचं हलत नाही.

भरतकामाच्या रिंगेत कापड अडकवून ठेवू नका, वळ उठतो. लाकडी रिंग स्क्रू सैल करून आडवी ठेवा. कॉम्प्युटर मशीनची प्लॅस्टिकची फ्रेम तर कपाटात गोधड्यांखाली कधीच नको. ती किंचित जरी वाकली, तरी फुलाची बाह्यरेषा एकीकडे आणि भरलेला रंग दुसरीकडे जातो.

चंची मात्र खिळ्याला उघडीच टांगते मी, पावसाळ्यातसुद्धा. कप्प्यांकडे येता-जाता लक्ष असतं. एक कप्पा रिकामा दिसला तर तो पाय मशीनवर आहे. दोन रिकामे दिसले, तर आधी केर काढणाऱ्या बाईंना थांबवायचं.