टेबलामागचे हेर
(मंडळाच्या ‘माझी आवडती मालिका’ या कार्यक्रमातील भाषण)



बहिर्जी नाइकांच्या गोष्टी ऐकत आपण वाढलो, त्यामुळे हेर म्हटला की वेशांतर हवंच. वर जेम्स बाँडने गाड्या आणि पिस्तुलं यांची भर घातली. माझ्या आवडत्या हेराकडे यातलं काही नाही. तो दारूला शिवत नाही, आणि त्याचा निम्मा दिवस वरिष्ठांशी भांडण्यात जातो!

नील बर्नसाइड त्याचं नाव. मालिका ‘द सँडबॅगर्स’, यॉर्कशायर टेलिव्हिजनची, १९७८ ते १९८०, अवघे वीस भाग. रॉय मार्सडनने हा खडूस साहेब असा उभा केलाय की आपल्याही ऑफिसातला कुणीतरी आठवावा. त्याच्या हाताखाली जोखमीच्या कामाला माणसं जास्तीत जास्त तीन. पैशाची कायम चणचण. खरा आधार एकच : अमेरिकेच्या सीआयएकडून मिळणारी माहिती.

या आधाराची किंमत पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात कळते. (ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी जरा कान झाकावेत.) बर्नसाइडचं जिच्यावर प्रेम आहे ती लॉरा पूर्व जर्मनीत पकडली जाते. सोडवायला फ्रेंचांची मदत हवी, आणि फ्रेंचांना बदल्यात सीआयएची माहिती हवी. ती दिली तर अमेरिका तोंड फिरवणार. अदलाबदलीच्या जागी लॉराला गोळी लागते. ती मारायची व्यवस्था बर्नसाइडनेच केलेली असते. मी हा भाग तीनदा पाहिलाय, आणि तिन्ही वेळा नंतर जेवण गेलं नाही.

‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (बीबीसी, १९७९) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. कादंबरीकार जॉन ल कारे स्वतः गुप्तचर खात्यात होता. पहिल्याच प्रसंगात चार माणसं एकेक करून बैठकीच्या खोलीत येतात, एकाच्या हातात चहाचा कप, त्यावर बशी झाकलेली. बस्स! अॅलेक गिनेसचा स्मायली तर चष्मा पुसत जुन्या फायली वाचतो. घरभेदी सापडतो तो त्या वाचनातून.

‘सँडबॅगर्स’चा लेखक इयन मॅकिन्टॉश आधी नौदलात अधिकारी होता. तो स्वतः हेर होता का, यावर अजून तर्क चालतात. जुलै १९७९ मध्ये अलास्काजवळ त्याचं छोटं विमान बेपत्ता झालं. तिसऱ्या पर्वाचे उरलेले भाग दुसऱ्यांनी लिहिले. शेवटचा भाग ऐन पेचात थांबतो, आणि पुढचं पर्व निघालंच नाही.