पोलादावरची नोंद

माझा आणि बंदुकीचा संबंध आजवर केवळ कागदावरचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करीत असताना शस्त्रपरवान्यांच्या शेकडो फायली माझ्या हाताखालून गेल्या, पण बंदुकीचा चाप मी एकदाही ओढलेला नाही. फायलीत बंदुकीचे वर्णन एका ओळीत आटोपते : ‘दुनळी, बारा बोअर, क्रमांक अमुक.’ ती देखणी की ओबडधोबड, नवी की जुनी, कोणी घडविली आणि कोणी वापरली, ही चौकशी आमच्या दृष्टीने अनावश्यक. असा मी जुन्या अमेरिकन नक्षीदार बंदुकांच्या संग्रहाविषयी बोलणार म्हटल्यावर माझे सहकारी हसले, यात नवल नाही. परंतु काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणाच्या निमित्ताने अमेरिकेत गेलो असता कनेक्टिकट राज्यातील एका वृद्ध संग्राहकाच्या घरी एक दुपार घालविण्याचा योग आला. आणि त्या एका ओळीत किती गोष्टी मिटलेल्या असतात, हे मला तेथे प्रथमच उमगले.

या बंदुका गोळीच्या नव्हेत, छऱ्यांच्या. उडत्या पाखरावर झाडावयाच्या. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले, तर त्यांतला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची, हा हिशेब आपल्याकडे आहे तोच तिकडेही. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि लष्करी मागणी आटली. मेरिडन गावच्या चार्ल्स पार्करच्या कारखान्यात कॉफी दळण्याची यंत्रे होत आणि युद्धकाळात सैन्यासाठी बंदुकाही झाल्या होत्या. त्याने आता शिकारीच्या दुनळी बंदुकांकडे लक्ष वळविले. पुढे सिरॅक्यूजला डॅन लेफेव्हर आणि एल. सी. स्मिथ, इथाका गावी त्याच नावाची कंपनी, फिलाडेल्फियात अँस्ली फॉक्स अशी एकाहून एक नामांकित घराणी उभी राहिली. मौज अशी की, या स्मिथने १८८९ च्या सुमारास बंदुकांचा धंदा फुल्टन येथील हंटर बंधूंना विकला आणि स्वतः टंकयंत्रे बनवू लागला. ज्या अलेक्झांडर ब्राउनने त्याच्या बंदुकीची कळ योजिली, त्यानेच त्याचे टंकयंत्रही योजिले. आमच्या कचेऱ्यांतून ज्या यंत्राची टकटक एके काळी दिवसभर चाले, त्याच्या कुळात बंदूक निघावी, हे ऐकून मला गंमत वाटली.

बंदुकीची यंत्ररचना बहुधा सर्व प्रतींत एकच असे. प्रत चढे ती लाकडाने आणि नक्षीने. पार्करची साधी बंदूक घेतली, तर पोलादाच्या कडेने एक बारीक रेघ आणि थोडी वेलबुट्टी. तिसऱ्या प्रतीला पोहोचलात की, दबा धरून उभे राहिलेले शिकारी कुत्रे आणि झुडपांतून उडणारे लावे दिसू लागतात. त्याहून वरच्या प्रतींत वेलींची वळणे इतकी दाट होतात की, कोऱ्या पोलादाचा ठिपकाही उरत नाही. सर्वांत वरच्या प्रतीचे नाव ‘इन्व्हिन्सिबल’, म्हणजे अजिंक्य. १९३० च्या आसपास तिची किंमत पंधराशे डॉलर होती आणि अशा तीनच बंदुका झाल्या.

हे काम करणारे हात बहुतांशी परदेशातून आलेले होते. जर्मनीतून आलेल्या निम्श्केने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये कोरणी चालविली. ऑस्ट्रियातील फेर्लाख या बंदूककारांच्या गावी जन्मलेला रुडॉल्फ कोर्नब्राथ १९१० साली अमेरिकेत येऊन हार्टफर्डला स्थिरावला. ही त्यातल्या त्यात भाग्यवान नावे. कारखान्यांच्या बाकांवर बसून आयुष्य काढलेल्या कितीतरी कारागिरांनी आपल्या कामावर सही केली नाही. नळीवर नाव मालकाचे. कुत्र्याच्या ताणलेल्या शेपटीत आणि लाव्याच्या पंखात जीव मात्र कारागिराचा. निम्श्के शहाणा. कोरीवकाम पुरे झाले की, त्यात शाई भरून तो कागदावर ठसा उमटवून घेई. ते ठसे त्याने आपल्या वहीत जपले. ती वही १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि कोठल्या हत्यारावर त्याचा हात फिरला होता, हे ओळखण्याचे साधन अभ्यासकांना लाभले.

आता त्या दुपारकडे वळतो. माझे यजमान निवृत्त शिक्षक होते. त्यांनी मेजावर लोकरी कापड अंथरले आणि त्यावर पार्करच्या दोन दुनळी बंदुका ठेवल्या. दोन्ही तिसऱ्या प्रतीच्या, जवळजवळ एकाच काळातल्या. एकीचे पोलाद निळ्या, तपकिरी, पिवळसर छटांनी झळकत होते, नक्षीची रेघ न् रेघ धारदार होती. दुसरी करडी पडलेली. जेथे हात धरावयाचा तेथे तर कुत्रा झिजून नुसती त्याची सावली उरली होती.

“यांतली चांगली कोणती?” त्यांनी विचारले.

मी अर्थातच झळकणारीकडे बोट दाखविले.

“सर्वच जण तीच दाखवितात,” ते म्हणाले. “ती माझ्या वडिलांची. तिचे वाटोळे मी केले.”

वडिलांच्या मृत्यूनंतर, ऐन पंचविशीत, त्यांनी पहिल्या पगाराच्या शिलकीतून ती बंदूक एका कुशल कारागिराकडे नूतनीकरणासाठी पाठविली होती. हेतू भक्तीचाच होता. त्या छटा कशा येतात, हे त्यांनी मला समजावून सांगितले. कारखान्यात बंदुकीचा पोलादी सांगाडा हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात पुरून पेटीसकट लालबुंद तापवीत आणि एकदम पाण्यात बुडवीत. त्याने पृष्ठभाग कठीण होई आणि पोलादावर त्या ढगाळ छटा उमटत. छटा नाजूक असतात. उन्हाने आणि हाताच्या स्पर्शाने हळूहळू विरतात. कारागिराने पोलाद घासले, नक्षी पुन्हा खोल केली, पुन्हा भट्टी दिली. काम निर्दोष झाले. “तीस वर्षे शरद ऋतूत ती बंदूक वडिलांच्या हातात असे,” ते म्हणाले. “त्यांच्या अंगठ्याने झिजलेली एक जागा होती. तिच्यावर माझा अंगठा टेकवून मी लहानपणी उभा राहात असे. बंदूक परत आली तेव्हा ती जागा नव्हती.”

दुसरी, झिजलेली बंदूक त्यांनी पुढे एका अनोळखी माणसाकडून घेतली होती. तिच्यावर त्यांनी तेलाच्या फडक्यापलीकडे काही फिरविले नाही. त्यांचा पुढचा सारा संग्रह या एका चुकीतून उभा राहिला होता.

संग्राहकांच्या बाजारातही हाच न्याय चालतो, हे मला मग कळले. नव्याने चकाकविलेल्या बंदुकीपेक्षा मूळ छटेचा अंश टिकवून असलेली बंदूक अधिक मोलाची. मोल आले की लबाडीही येते. साध्या प्रतीच्या बंदुकीवर मागाहून दाट नक्षी कोरून ती वरच्या प्रतीची म्हणून खपविण्याचे प्रकार होतात. त्यांवर उतारा म्हणजे कारखान्याच्या जुन्या चोपड्या. पार्करचा धंदा १९३४ साली रेमिंग्टन कंपनीने घेतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या बंदुकांचे उत्पादन थांबले. पण मागणीच्या वह्यांपैकी पुष्कळ वाचल्या. पार्कर संग्राहकांची संस्था त्या पाहून बंदुकीचा मूळ तपशील लेखी कळविते. एल. सी. स्मिथ बंदुकांच्या नोंदी वायोमिंगमधील कोडी गावच्या संग्रहालयात जपल्या आहेत. कोणती प्रत, नळी किती इंच लांब, कोणाच्या मागणीवरून : सारे तेथे सापडू शकते. आणि ही चोपडी उघडण्याची किल्ली कोणती? बंदुकीवर ठोकलेला क्रमांक.

अशा नोंदीच्या आणि मालकीच्या पुराव्याला लोक केवढे मोल देतात, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावर थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेच्या शिकारयात्रेस निघाले, तेव्हा अँस्ली फॉक्सने त्यांना एक उंची दुनळी भेट दिली. ती २०१० साली लिलावात आठ लाख बासष्ट हजार पाचशे डॉलरना गेली.

या शोभेला एक काळी बाजू आहे, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नक्षीत पाखरे अमर झाली त्याच काळात रानातली पाखरे संपत होती. अमेरिकेत एके काळी आभाळ झाकून टाकणारी प्रवासी कबुतरे होती; त्यांतले शेवटचे १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. माझ्या यजमानांनीही शिकार कधीच सोडली होती. “बंदुकीने जे घेतले ते परत येत नाही,” ते म्हणाले, “निदान तिच्यावर जे लिहिले गेले ते तरी पुसू नये.”

परत आल्यावर मी पुन्हा माझ्या फायलींत बुडालो. एकदा एका परवान्याच्या प्रकरणात बंदुकीचा क्रमांक दोन कागदांवर दोन तऱ्हेचा आढळला. एरवी मी ‘लेखनदोष’ असा शेरा मारून पुढे गेलो असतो. त्या दिवशी मात्र बंदूक मागवून घेतली, भिंग लावून अंक स्वतः वाचला आणि नोंद दुरुस्त केली. कारकुनाला माझे हे वागणे विक्षिप्त वाटले असावे. दस्त्यावर एके ठिकाणी लाकूड झिजून गुळगुळीत झाले होते. कोणाच्या हाताने, ते ठाऊक नाही. अर्जदाराने विचारले, “साहेब, पॉलिश करून आणायला हवी होती का?”

मी म्हटले, “नको. आहे तशीच असू द्या.”