किड्यांचे रंग काय सांगतात?



आम्ही बोरिवलीच्या बायका. आमच्या वस्तीला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल. पावसाळ्यात तिथली फुलपाखरं, किडे आमच्या कुंड्यांपर्यंत येतात. तुमच्या बांधावर आणि परसातही यातले बरेच दिसतात. आज त्यांच्या रंगांविषयी बोलूया. रंग वाचता आला, तर औषध फवारायचं की नाही हे ठरवायला सोपं जातं.

आधी रुई बघा. तिचा चीक विषारी, म्हणून गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पण तिच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची एक अळी मजेत वाढते. चिकातलं विष ती अंगात साठवते. तिचं नारिंगी फुलपाखरू झालं तरी तो कडूपणा जात नाही. पक्ष्यानं एकदा ते खाल्लं, की उलटी होते आणि पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून हे फुलपाखरू सावकाश, बिनधास्त उडतं. भडक रंग ही त्याची पाटीच: ‘मी कडू आहे, लांब राहा.’

या पाटीचा फायदा दुसरंही एक फुलपाखरू घेतं. त्याची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मादी मात्र हुबेहूब रुईवाल्या फुलपाखरासारखी नारिंगी. ती कडू नसते, पण पक्षी फसतात. असं सोंग का घेतलं जातं, हे हेन्री बेट्स या इंग्रज अभ्यासकानं ॲमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरं पाहून १८६२ साली मांडलं. सोंगं घेणारे फार वाढले, तर मात्र पक्ष्यांना ते कळून चुकतं.

कढीपत्त्यावर, लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसतं ना? नीट बघा, ती बहुधा लहान अळी असते. विष्ठा कोण खाणार? मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दुभागलेलं शिंग काढते आणि उग्र वास सोडते. माणसाला त्याचा त्रास नाही. रोप लहान असेल तर अळ्या हातानं वेचा. मोठं झाड चार पानं गेली तरी सावरतं.

आता कामाची गोष्ट. चवळीवर मावा पडला, की लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा येतो. त्याला धरलं तर पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडवट द्रव येतो. पण तो मावा खातो, आणि त्याची काळपट, लांबट अळीसुद्धा. फवारणीत माव्याबरोबर हे दोघेही मरतात. वांग्याची पानं खाणारा, मळकट रंगाचा ठिपकेवाला किडाही असतो. म्हणून किडा मावा खातोय की पान, ते आधी बघा.

आणि एक जपा. भेंडीच्या, जास्वंदीच्या फुलांवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे बसतात. त्यांची पाटी खरी आहे. अंगावर चिरडले तर कातडीवर फोड येतात. मुलांना हात लावू देऊ नका.

तेव्हा मैत्रिणींनो, पंप खांद्यावर घेण्याआधी पान उलटून बघा. गटाच्या पुढच्या बैठकीत, कुणाच्या परसात कोणता रंग दिसला ते एकमेकींना जरूर सांगा.