स्वच्छ दिसणारं पाणी



गॅसवर भाताचं खारं पाणी उतू गेलं, की निळी ज्योत एकदम पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा तो रंग. तांब्याची ज्योत हिरवट असते. प्रत्येक मूलद्रव्याची उजेडातली खूण ठरलेली आहे. त्या खुणेवरून पदार्थ ओळखायची विद्या म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपी. डोळ्याला न दिसणारं विष शास्त्रज्ञांना सापडतं ते या विद्येमुळे.

बंगालचंच बघा. तळ्याचं पाणी पिऊन जुलाब, पटकी व्हायची, म्हणून गावोगाव हातपंप बसवले. पाणी कसं नितळ! पण १९८०च्या सुमारास लोकांच्या अंगावर काळे डाग, तळहातांवर घट्टे दिसू लागले. पाण्यात आर्सेनिक होतं, आपल्या सोमलातलं विष. नद्यांनी हिमालयातून आणलेल्या गाळात लोहाची खनिजं असतात, त्यांना ते चिकटलेलं होतं. जमिनीत खोल, हवा नसलेल्या जागी ती खनिजं विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. एक लिटर पाण्यात ग्रॅमचा एक लाखावा भाग, यापुढे ते चालत नाही. उकळून ते जात नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं.

आय.आय.टी. मद्रासचे प्राध्यापक टी. प्रदीप यांनी यावर उपाय काढला तो लोखंडाचाच. ज्याने विष सोडलं, त्यालाच ते धरायला लावायचं! गुळाचा खडा फोडून बारीक केला की लवकर विरघळतो, कारण पाण्याला भिडणारी बाजू वाढते. तसंच गंजासारख्या लोहसंयुगाचे कण त्यांनी नॅनो आकाराचे केले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्या बारीक कणांना आर्सेनिक भरपूर चिकटतं. पण मग हे कणच पाण्याबरोबर वाहून आपल्या पेल्यात आले तर? म्हणून कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये ते बांधून वाळूसारखे दाणे केले. भट्टी लागत नाही, साध्या तापमानाला पाण्यातच बनतात. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं. प्रदीप यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

आता आपल्याकडचं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, तेही खडकातल्या खनिजांतूनच आलेलं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते वर्षानुवर्षं पोटात गेलं, की पोरांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आखडतात. आर्सेनिकचा फिल्टर फ्लोराइडला चालेलच असं नाही. तेव्हा दारात कुणी ‘नॅनो’ म्हणत फिल्टर विकायला आला, तर आधी विचारा, बाबा, हा काय काढतो? आणि आमच्या पाण्यात काय आहे, हे तुला कुठं ठाऊक?

ते आपल्यालाच कळू शकतं. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं आहे. पेटीतल्या औषधाचे थेंब पाण्यात टाकायचे आणि येणारा रंग तक्त्याशी जुळवायचा. रंग शंकास्पद आला, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. तुमच्या गावच्या त्या पाच जणी कोण, हे बचत गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा. पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असेल, तर बाहेर काढायला लावा, आणि पहिलं पाणी अंगणवाडीचं तपासा.